बिनडोक सांगाडे एकमेकांशी कसे वागतात

"बाई, त्याला सांगा, त्याचा सांगाडा माझ्या सांगाड्याच्या शेपटीवर उभा आहे."

"बाई, तुम्हीच त्याला सांगा, सांगाड्याला शेपटी नसते."

शेपटी होती, कारण आमचे सांगाडे म्हणजे उंदीर होते. गणपतीच्या पायाशी लाडू धरून बसतो ना, तो उंदीर. पेणच्या ज्या गणपतीच्या कारखान्यात आम्ही दर रविवारी दुपारी खेळायला बसायचो, तिथे असल्या उरलेल्या उंदरांचं एक पोतंच कोपऱ्यात पडलेलं असायचं. त्यातले सहा उंदीर शाडूच्या मातीचे, ते जगूदादाचे. सहा पांढरे, प्लास्टरचे, ते दिगूचे. आणि बाई म्हणजे मी. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी या चौघांची सूत्रधार व्हायचे.

आमचा खेळ पत्त्यांचा नव्हता, कॅरमचाही नव्हता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. सूत्रधाराने म्हणायचं, "समोर अंधारं तळघर आहे, काय करता?" आणि खेळणाऱ्याने आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. पुण्यात एम. एस्सी. करताना हॉस्टेलवर मला हा नाद लागला. नोकरीला पेणला आले तेव्हा माझ्या बॅगेत साड्या कमी आणि नियमांच्या जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स जास्त होती. घरमालक शेडगे काकांनी ती झेरॉक्स पाहिली आणि दोन रात्रींत वाचून काढली. काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. नियम दिसला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्यांनीच मला शेजारच्या कारखान्यात नेलं, आणि आमचा खेळ सुरू झाला. या गोष्टीच्या वेळी त्याला दीड वर्ष झालं होतं.

कारखाना दोघा भावांचा. थोरला जगन्नाथ, म्हणजे जगूदादा. मूर्तीचे डोळे आखायला बसला की पंखा बंद करायला लावायचा आणि स्वतःचा श्वासही जवळजवळ बंद करायचा. धाकटा दिगंबर, म्हणजे दिगू. त्याला बंद काही आवडायचं नाही. कानाला सतत फोन, एक पाय कारखान्यात आणि एक टेम्पोत. जगूदादाची बायको कुंदा वहिनी आमच्या खेळात चोर होत्या, आणि काय चोर होत्या! राजाच्या डोक्यावरचा मुकुट लांबवून त्या जागी पातेलं ठेवून आल्या तरी राजाला चार दिवस पत्ता लागला नाही. शेडगे काका वैद्य झाले होते. दोघे भाऊ मात्र दोघेही मांत्रिक. एका टोळीत दोन मांत्रिक कशाला, असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. पण मांत्रिकाचं पात्र दुसऱ्याला सोडायला दोघांतला एकही तयार नव्हता.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची, मार्गशीर्षातल्या एका रविवारची. तोवर भावाभावांमधलं बोलणं दसऱ्यापासून बंद पडलेलं होतं. कारण माती. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे तर मातीवरूनच चूल पेटली होती. जगूदादा शाडू सोडायला तयार नव्हता. शाडूची मूर्ती वाळायला वेळ घेते, प्रवासात नाजूक, म्हणून दिगूने प्लास्टरच्या सहाशे मूर्तींची ऑर्डर परस्पर घेतली. जगूदादा म्हणाला, "प्लास्टरला मी डोळे आखणार नाही." दिगूने बाहेरून माणूस आणला. त्या माणसाने आखलेले सहाशे गणपती थोडे तिरळे निघाले. दसऱ्याला दोघांची जी जुंपली, त्यात शेवटी दोघेही एकच वाक्य ओरडत होते, "आप्पांनी मला सांगितलंय!" आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. काय सांगितलंय ते मात्र दोघांतल्या एकानेही कधी उच्चारलं नव्हतं, आणि विचारायची आमची प्राज्ञा नव्हती.

आता कारखान्याच्या भिंतीला प्लायवूडचे आठ मोठे तक्ते टेकवून ठेवले होते. सोमवारी सकाळी सुतार येणार होता. कारखान्याच्या बरोबर मधून पार्टिशन घालणार, अलीकडे शाडू, पलीकडे प्लास्टर. पार्टिशनची खडूची रेघ जमिनीवर आधीच मारली होती, आणि ती आमच्या टेबलाखालूनच जात होती. टेबल म्हणजे दोन पिंपांवर ठेवलेलं जुनं दार. जगूदादा रेघेच्या अलीकडे बसला होता, दिगू पलीकडे. पार्टिशन झालं की मी त्याच्या बाजूला पाऊल टाकणार नाही, असं दोघांनी वेगवेगळं मला सांगून ठेवलं होतं. म्हणजे आमचा तो शेवटचा खेळ होता. मला त्याचं किती वाईट वाटत होतं ते सांगायची लाज वाटते. परक्या गावात माझं हसायचं ठिकाण ते एकच होतं.

"चला, पुढे," मी म्हटलं. "तळघराचं दगडी दार वरून खाली येतंय. दाराच्या आत, दालनाच्या टोकाला घंटा आहे. ती वाजली तर शाप सुटेल. नाही वाजली तर तीन डावांत छत कोसळेल. काय करता?"

"मागे फिरायचं," जगूदादा माझ्याकडे बघत म्हणाला. "आहे तो रस्ता आधी शाबूत ठेवायचा. मी मंत्राने सहा सांगाडे बोलावतो."

"बाई, त्याला मागे फिरू दे," दिगूही माझ्याकडेच बघत म्हणाला. "मी पुढे जाणार. मीपण सहा बोलावतो."

दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या. ही आमची खास पद्धत. मागे एकदा दिगूने एक लांडगा बोलावला होता, आणि लांडगा खड्ड्यात पडल्यावर तो म्हणाला, मी त्याला डावीकडेच जा म्हटलं होतं. त्यावरून तासभर वाद झाला. तेव्हापासून शेडगे काकांनी नियम काढला, की बोलावलेल्या प्राण्याला दिलेला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा. मग काका त्या चिठ्ठीला कंडक्टरच्या चिमट्याने भोक पाडायचे आणि ती फरसाणाच्या डब्यात टाकायचे. नोकरीतला चिमटा परत करावा लागला म्हणून त्यांनी खास या कामासाठी नवा विकत आणला होता. भोक पडलं की हुकूम पक्का, मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

सांगाड्यांच्या जागी सहा मातीचे उंदीर दारात ओळीने उभे राहिले. सहा पांढरे उंदीर त्यांच्या मागे. तेवढ्यात ते शेपटीचं प्रकरण झालं. त्यावरून "बाई, त्याला सांगा" आणि "बाई, तुम्हीच त्याला सांगा" यांचा असा काही कल्लोळ उठला की माझं डोकं फिरलं.

"एवढ्या आरडाओरड्याने तळघराचा राखणदार जागा झाला," मी जाहीर केलं. "त्याने फुंकर मारली. दोन्ही मांत्रिक दगड झाले."

"अहो पण बाई!" दोघे एका सुरात म्हणाले.

"दगड बोलत नाहीत."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. काकांनी पुस्तक उघडलं. "दगड झालेल्याला मंत्र नाही, हुकूम नाही. पान एकशे बारा. आणि आम्ही दोघं कुठं आहोत?"

"तुम्ही दोघं वरच्या जिन्यात. खाली पोचायला पाच डाव लागतील. छत तीन डावांत पडणार."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. आता खाली हलू शकणारे फक्त बारा सांगाडे उरले होते, आणि ते बिनडोक. आमच्या खेळात बिनडोक म्हणजे शिवी नव्हती, पुस्तकातला प्रकार होता. बोलावलेल्या काही प्राण्यांना मन नसतं, ते फक्त सांगितलेलं करतात.

"हुकूम देणारा गेला तर?" वहिनींनी विचारलं.

काकांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "शेवटचा हुकूम पाळत राहतात. कायम."

"आणि दोघांचे समोरासमोर आले तर? एकमेकांशी कसे वागतात?"

काका वाचत राहिले. पुढचं पान, मागचं पान. त्यांचा चेहरा लग्नसराईत बस बंद पडावी तसा झाला. "ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"त्यात लिहायचं काय?" दिगू म्हणाला. "भांडणार! त्याचे दारात उभे आहेत, माझ्यांना आत जायचंय. त्याचे जाऊ देतील होय?"

"माझे अजिबात जाऊ देणार नाहीत," जगूदादा म्हणाला. दसऱ्यापासून एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं होतं.

खरं सांगायचं तर मलाही त्यांना लढवायचंच होतं. शेवटचा खेळ आहे, तर निदान धुमधडाक्यात संपवू. हाडं कशी कडाडली, कवट्या कशा घरंगळल्या, सगळं वर्णन मी मनात रचून ठेवलं होतं. मी तोंड उघडणार तोच शेडगे काकांनी फरसाणाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"बाई, आधी चिठ्ठ्या वाचा. पद्धत म्हणजे पद्धत."

मी पहिली चिठ्ठी उघडली. जगूदादाचं ठसठशीत अक्षर होतं. "'दार धरून ठेवा. काही झालं तरी सोडू नका.'"

दुसरी दिगूची, घाईघाईत खरडलेली. "'पुढे जा. घंटा वाजवा.'"

"बास?" वहिनी म्हणाल्या.

"बास. एवढंच."

"मग भांडण कुठाय यात?"

"अगं, ते लिहायला कशाला हवं?" जगूदादा चिडून म्हणाला. "माझे सांगाडे आहेत ते. त्यांना कळायला नको, समोर कोणाचे आहेत ते?"

"कळणार कसं?" मी म्हटलं. शिकवायची सवय वाईट असते, मुद्दा सापडला की मी थांबत नाही. "त्यांना मन नाही, दादा. तुम्ही त्यांना हुकूम दिलात, राग नाही दिलात. राग तुमच्याजवळच राहिला, आणि तुम्ही तर दगड झालात."

"पण माझे जाणार कुठून?" दिगू म्हणाला. "वाट त्यांनी अडवलीय ना!"

"अडवलेली नाही. दार वर धरून ठेवलंय. त्यांनी सोडलं तर दार खाली येईल आणि तुझे सहाच्या सहा चिरडतील. त्यांनी धरलंय म्हणून तर तुझ्यांना आत जायला फट आहे."

हे बोलताना माझ्या मनात तळघराशिवाय काही नव्हतं. शप्पथ. मी फक्त उंदीर आणि दाराचा हिशोब मांडत होते.

"फासा टाका, दादा," मी म्हटलं. "दार पेलतंय का बघू. बारा किंवा वर हवेत."

जगूदादाने नाखुशीनेच फासा टाकला. चौदा. मी पांढरे उंदीर एकेक करून मातीच्या उंदरांच्या मधून सरकवले. एकमेकांना खांदे लागले, शेपट्या लागल्या, कुणी कुणाकडे वळून बघितलं नाही.

"दुसरा डाव. दार जड होतंय. आता पंधरा."

या वेळी त्याने फासा मुठीत खुळखुळवला. पंधरा! काठावर पास झालेल्या मुलासारखा तो खुर्चीत मागे टेकला. पांढरे उंदीर दालनाच्या मध्यावर पोचले. दिगू अर्धा उठून टेबलावर ओणवा झाला होता, आणि त्याचा एक गुडघा खडूच्या रेघेच्या अलीकडे आला होता.

"तिसरा आणि शेवटचा. छताला तडे गेलेत. मातीच्या सांगाड्यांची हाडं वाकायला लागलीयत. सतरा हवेत."

"सतरा?" काका म्हणाले. "अहो बाई, पाचात एक संधी आहे."

"छत कोसळतंय, काका. छताला दया नसते."

जगूदादा उठला. हात पँटीला पुसले. मग, देवाशपथ, त्याने टेबलावरचा पंखा बंद केला. गेल्या हंगामात प्लास्टरच्या सहाशे मूर्तींसाठी त्याने जे केलं नव्हतं, ते दिगूच्या सहा उंदरांसाठी केलं. श्वास रोखला आणि फासा सोडला.

फासा टेबलाच्या त्या जुन्या दारावरून घरंगळत गेला, कडेला थबकला, एका कोपऱ्यावर गिरक्या घेत राहिला.

"धर, दादा!" दिगू ओरडला. "धर, धर, सोडू नकोस!"

एकोणीस.

वहिनींनी चहाच्या स्टीलच्या पेल्यावर चमचा मारला आणि घंटा वाजली. काका टाळ्या पिटायला लागले. मी ओरडले. आणि मग एकदम आम्हा तिघांच्याही लक्षात आलं, की दोघे भाऊ ओरडत नव्हते. दिगू ओणवा होता तसाच राहिला होता, आणि जगूदादा त्याच्याकडे बघत होता. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

"काय म्हणालास?" जगूदादाने विचारलं.

"काही नाही. धर म्हटलं."

"सोडू नकोस म्हणालास."

"हो. मग?"

जगूदादा खाली बसला. बराच वेळ एका मातीच्या उंदराच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. "आप्पा तेच म्हणाले होते," तो म्हणाला. "दवाखान्यात. सकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा. शाडू सोडू नकोस, जगू. एवढंच बोलले."

"माझ्याबद्दल?" दिगूने विचारलं. "दिगूला हात लावू देऊ नको, असं काही?"

"नाही रे. तुझं नावच नाही निघालं. तुला काय म्हणाले?"

"संध्याकाळी मी होतो. म्हणाले, कारखाना वाढव. पेणच्या बाहेर ने."

"आणि माझ्याबद्दल?"

"काहीच नाही."

शेडगे काकांनी घसा साफ केला. त्यांच्या हातात चिमटा होता आणि ते दोन्ही चिठ्ठ्या उलटसुलट करून बघत होते.

"म्हणजे," काका म्हणाले, "भांडा असा हुकूम कुठंच नाही. ना इकडच्या चिठ्ठीत, ना तिकडच्या."

पहिल्यांदा वहिनींना हसू फुटलं. मग दिगूला. जगूदादा हसला नाही, त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणीच आलं, आणि ते पुसताना हाताची सगळी माती त्याच्या गालाला लागली. "बिनडोक," तो म्हणाला. कुणाला ते विचारायची गरज नव्हती.

"बिनडोक परवडले," वहिनी नाक ओढत म्हणाल्या. "एका दारात गुण्यागोविंदाने उभे होते बिचारे. तुम्हा दोघांना डोकी आहेत, तीच नडली."

मी घरी गेले. त्या दिवशी पार्टिशनबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. रडणं हसणं ठीक आहे, पण सुताराला सांगून झालेलं होतं आणि आठ तक्ते भिंतीला तसेच टेकलेले होते. दोन्ही भाऊ हट्टी. सकाळी उठल्यावर माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो, हे मला वर्गातल्या मुलांवरून पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी शाळेला निघाले आणि पाय आपोआप कारखान्याकडे वळले. बाहेरूनच दोघांचा आवाज ऐकू आला. कडाक्याचं भांडण चाललं होतं. दाराशी सुतार पेटीवर बसून निवांत चहा पीत होता.

"कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

"तास झाला. मला काय, मी दुसरा कप घेतोय."

मी आत डोकावले. तक्ते जमिनीवर आडवे पसरले होते आणि कुंदा वहिनी फडक्याने खडूची रेघ पुसत होत्या. सात तक्त्यांच्या शाडू वाळवायच्या मांडण्या करायच्या, म्हणजे शाडूच्याच जास्त मूर्ती निघतील आणि टेम्पो भरून बाहेर जातील, हे रात्रीतच ठरलं होतं म्हणे. भांडण आठव्या तक्त्याचं होतं. त्याचं टेबल करायचं होतं, आमच्या खेळाचं.

"गोल!" दिगू ओरडत होता. "गोल म्हणजे सगळ्यांचा हात पोचतो!"

"चौकोनी! प्लाय कापून वाया घालवू नको!"

जुन्या दारावर बारा उंदीर अजून ओळीने उभे होते. मी जवळ जाऊन पाहिलं. सहाही मातीच्या उंदरांना डोळे आखले होते. सहाही पांढऱ्या उंदरांनाही. बारीक, काळेभोर, एकही तिरळा नाही.

जगूदादाला मी दिसले. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि नेहमीसारखं सुरू केलं, "बाई, त्याला सांगा..." मग तो मध्येच थांबला. वळला, भावासमोर जाऊन उभा राहिला.

"दिगू, तूच ऐक. चौकोनीच."

"गोल, दादा."

माझी तिथे काही गरज नव्हती. मी दोन मिनिटं ऐकत उभी राहिले, आणि त्या दिवशी शाळेत मला नोकरीतला पहिला लेट मार्क लागला.